हरकत कोणाची?



जमिनीचा फेरफार कसा होतो, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. मुंबईकरांनी इथे फार्महाऊससाठी गुंठ्यागुंठ्याने जमिनी घ्यायला सुरुवात केल्यापासून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली शाळकरी पोरेही सातबारा वाचू लागली आहेत. खरेदीखत झाले किंवा घरातला कर्ता गेला, की तलाठी गाव नमुना सहामध्ये नोंद घालतो. (सरकारने आता त्याला ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव दिले आहे, लोक तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणेन.) नोंदीची प्रत चावडीवर लागते, ज्यांचा त्या जमिनीत हितसंबंध दिसतो त्यांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत चढते, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या सगळ्या व्यवहारात एक गोष्ट कायद्याने पक्की धरलेली आहे: तलाठी कोणाला मालक करत नाही. मालकी आधीच खरेदीने, बक्षिसाने किंवा वारशाने आलेली असते, तो तिची नोंद ठेवतो. नुसत्या फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने किती निकालांत सांगितले असेल त्याची गणती नाही. तरी भाऊबंदकीत अडकलेल्या माणसाला ते पटत नाही, ही गोष्ट निराळी.

विषय समलिंगी विवाहाचा आणि सुरुवात सातबाऱ्याने, याचे काही जणांना नवल वाटले असेल. पण मला आज जे म्हणायचे आहे ते याच वाटेने सरळ सांगता येते. लग्नाच्या बाबतीत सरकारची जागा तलाठ्याची आहे. संसार दोन माणसे मांडतात. सरकारने त्याची नोंद ठेवायची. नोंद नाकारायची असेल तर हरकत कोणाची आहे आणि इजा कोणाला होते आहे, हे नाकारणाऱ्याने दाखवायचे. आपल्याकडे लग्नावर जी जी बंधने आली आणि गेली, त्यांतली टिकायला लायक कोणती होती हे याच कसोटीवर कळते, आणि समलिंगी जोडप्यांवरचे बंधन या कसोटीला उतरत नाही.

आधी कायद्याची आजची स्थिती. भारतीय दंडविधानातले कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीने एकत्र येणाऱ्या सज्ञान माणसांपुरते रद्द केले. त्यामुळे गुन्हा गेला, पण नाते कागदावर आले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन जोडपी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आपला विवाह मान्य करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेली, उच्च न्यायालयांतल्या इतर याचिकाही तिथेच आल्या. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह यांच्या घटनापीठाने एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी घेतली आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्याचे शब्द बदलून वाचणे न्यायालयाचे काम नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. चंद्रचूड आणि कौल यांनी मात्र असे म्हटले की सहजीवनाचा हक्क घटनेतूनच येतो आणि त्याला काहीतरी कायदेशीर रूप देणे सरकारवर बंधनकारक आहे. तिघांनी ते मानले नाही. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे न्यायालयाचे दार तूर्त बंद आहे, आणि वाद होता तिथून विधिमंडळांच्या अंगणात आला आहे.

विशेष विवाह कायदा म्हणजे लोक ज्याला रजिस्टर लग्न म्हणतात तो. त्याची एक गंमत पाहा. आपल्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे विवाह नोंदवायला जाता तेव्हा लग्न होऊन गेलेले असते. लग्नपत्रिका, तीन साक्षीदार, पुरोहिताची सही, फोटो हे सगळे घेऊन तो दाखला देतो. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात स्पष्ट आहे की नोंदणी केली नाही म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. ही खरी तलाठ्याची रीत. रजिस्टर लग्नात मात्र आधी नोटीस द्यावी लागते, ती फलकावर लागते, तीस दिवस थांबावे लागते आणि या काळात हरकत कोणीही घेऊ शकतो. कायद्यातला शब्दच ‘कोणीही’ असा आहे. हरकत कायद्यातल्या अटींवरच हवी हे खरे, पण ती घ्यायला नाते लागत नाही, हितसंबंध लागत नाही. अर्ध्या गुंठ्याच्या फेरफारात सरकार हितसंबंधी कोण ते शोधून त्याला नोटीस काढते, आणि दोन सज्ञान माणसांच्या लग्नात रस्त्याने जाणाऱ्यालाही बोलावून घेते. जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींचा महिना कसा जातो, हे त्या फलकाला ठाऊक. लग्नाला परवानगी लागते ही कल्पना एकदा मुरली, की कोणाला परवानगी नाही याची यादी आपोआप लांबत जाते.

ती यादी आपल्या मुलखात कितीदा खोडली आणि पुन्हा लिहिली गेली, ते जरा सावकाश पाहू. १८५६ पर्यंत उच्चवर्णीय विधवेचे दुसरे लग्न कायदा मानत नव्हता. बहुजन समाजात पाट लागतच होते. ज्यांच्यात लागत नव्हते त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. १८७२ च्या कायद्याने जाती-धर्माबाहेर लग्न करता येई, पण आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, असे प्रतिज्ञेवर लिहून दिल्यावर. धर्म सोडल्याशिवाय प्रेम करायचे नाही, असा त्याचा अर्थ. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपसात धर्म न सोडता लग्न करायला १९२३ उजाडावे लागले. दरम्यान कोल्हापुरात शाहू महाराजांनी आपल्या संस्थानापुरता आंतरजातीय आणि विधवा विवाहाचा प्रश्न आपल्याच कायद्याने सोडवला होता. सगोत्र विवाह १९४६ पर्यंत अवैध होते. त्या प्रत्येक वेळी हेच सांगितले गेले की लग्नाची व्याख्या अनादी आहे, तिला हात लावला तर समाज कोसळेल. विधवांनी लग्ने केली, सगोत्रांनी केली, जातीबाहेर केली. समाज जिथे होता तिथेच आहे, आणि त्याचे दोषही तिथेच आहेत.

पण यादी नुसती खोडली गेली असे नाही. तिच्यात नवी बंधनेही आली, आणि ती मला मान्य आहेत. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली. तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयात गाजलेला खटला झाला. नरसू अप्पा माळी यांच्या नावाने तो आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी बंदी उचलून धरली. बालविवाहाला बंदी आली. देवाला मुलगी वाहण्याची, म्हणजे देवाशी तिचे लग्न लावण्याची प्रथा १९३४ च्या कायद्याने मुंबई प्रांतात बेकायदा झाली. ही बंधने आणि वरची बंधने यांत फरक कोणता? सवतीच्या बंदीमागे पहिली बायको उभी आहे. बालविवाहाच्या बंदीमागे बारा वर्षांची मुलगी उभी आहे. देवदासीच्या बंदीमागे जिला वाहिले ती उभी आहे. प्रत्येक बंधनामागे बोट दाखवता येईल असे माणूस आहे, ज्याला इजा झाली. विधवेच्या, सगोत्राच्या किंवा परजातीच्या लग्नावरच्या बंधनामागे असे कोण होते? तिथे होत्या दुसऱ्यांच्या भावना, आणि थोडीफार कोणाची तरी वतने. फुल्यांच्या सत्यशोधक पद्धतीने भटजीशिवाय लग्ने लागू लागली तेव्हा ओतूरच्या जोश्यांनी दक्षिणेसाठी कोर्ट गाठले आणि भांडण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. हरकत धर्माच्या नावाने होती, हिशेब दक्षिणेचा होता.

रखमाबाईंचा खटला या संदर्भात विसरून चालणार नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी नांदायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी तिला नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असे सांगितले. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. टिळकांची पत्रे तिच्या विरोधात होती. तेव्हा वाद फक्त एका बाईचा नव्हता. राज्ययंत्रणा माणसाला कोणाच्या तरी संसारात ढकलू शकते का, असा होता. आज वाद उलट्या बाजूचा दिसतो, राज्ययंत्रणा माणसाला संसारातून बाहेर ठेवू शकते का, असा. मूळ एकच.

मामाच्या मुलीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण ते घरोघरचे आहे. हिंदू विवाह कायद्याने निषिद्ध नात्यांची यादी दिली आहे, आणि बहीण-भावांची मुले तिच्यात येतात. म्हणजे मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न कायद्याने निषिद्ध. पण पुढेच एक पुस्ती आहे: रूढी परवानगी देत असेल तर चालेल. उत्तरेकडच्या माणसाला जे ऐकून कानावर हात ठेवावेसे वाटते, तेच आपल्याकडच्या कित्येक समाजांत जुने आणि मानाचे नाते आहे. संसदेने १९५५ मध्ये काय केले? कोणाचे खरे याचा निवाडा न करता दोघांनाही एकाच कलमात बसवले. पुढे १९६३ मध्ये विशेष विवाह कायद्यातही तीच सवलत घातली. किळस आणि मान या दोन्ही भावना एकाच देशात एकाच नात्याबद्दल असू शकतात, आणि कायदा त्यांपैकी एकीच्या जोरावर दुसऱ्याचे लग्न अडवत नाही, हे भारतीय कायदे करणाऱ्यांना सत्तर वर्षांपूर्वी कळले होते. आज ‘आम्हाला ते बघवत नाही’ हा युक्तिवाद पुन्हा कोर्टात येतो, तेव्हा एवढे आठवावे.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे. कर्जत आणि खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. हे दोन्ही समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, आणि हिंदू विवाह कायद्याचे कलम दोन सांगते की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे इथल्या कातकरी वाडीवर कोण कोणाचा नवरा आणि कोण कोणाची बायको, हे दिल्लीचा कायदा ठरवत नाही, वाडीची रूढी ठरवते. लग्नाचा खर्च जमेपर्यंत जोडपे एकत्र राहते, मुले होतात, आणि जमेल तेव्हा मांडव पडतो. कधी सामुदायिक विवाहात हळद लागलेल्या नवरीच्या कडेवर मूल असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर उचल देणारा शेठ जोडी पाहून पैसे देतो; त्याने दाखला मागितल्याचे कोणी ऐकले नसेल. यात सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. उचलीचे कर्ज आणि लवकर लागणारी लग्ने ही या वाड्यांची खरी दुखणी आहेत, आणि तिथे कायद्याने लक्ष घालावे, कारण तिथे इजा होणारे माणूस दिसते. पण संसार आधी, विधी मागाहून आणि दाखला सर्वांत शेवटी, या क्रमाने चाललेल्या घरांना भारतीय कायद्याने कधी अनीतिमान ठरवलेले नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. मृतांच्या वारसांना सरकारने पाच लाख रुपये जाहीर केले. घर गाडले गेले म्हणजे पेटीतले कागदही गाडले गेले. अशा ठिकाणी वारस ठरवताना कायदा रूढीकडे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीकडे जातो, आणि कोणाला ते खटकत नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी दिल्लीतला निकाल आला. एकाच देशात एका बाजूला कायदा कागदाशिवाय नाते ओळखायला तयार होतो, दुसऱ्या बाजूला वीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्या दोन माणसांचे नाते, कागद पुढे करूनही, ओळखायला तयार होत नाही. ओळखण्याची ताकद कायद्यात आहे, हे पहिल्या उदाहरणाने सिद्ध होते.

उलट, विधीवरच सगळे टांगले की काय होते त्याचा नमुनाही महाराष्ट्रातलाच आहे. १९६५ चा लोखंडे खटला. पहिली बायको असताना एका गृहस्थांनी १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले. त्यांच्यावर द्विभार्येचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झालेच नाहीत, म्हणून ते लग्नच नाही, म्हणून गुन्हाही नाही. गृहस्थ सुटले. पहिलीला न्याय मिळाला नाही आणि दुसरी तर कोणीच उरली नाही. माणसे सोडून विधी बघितला की कायद्याचे असे होते.

आता नोंद नसल्याने नेमके काय जाते ते पाहू, कारण ‘राहायचे तर राहा की एकत्र, कागद कशाला?’ हा प्रश्न भल्या माणसांकडूनही येतो. खोपोली, सावरोली, रसायनीच्या पट्ट्यातल्या कारखान्यात काम करणारा एक कामगार धरा. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत कुटुंब असलेल्या सभासदाला कुटुंबाबाहेरच्या माणसाच्या नावे नॉमिनेशन करता येत नाही. केले तरी ते रद्दबातल. अविवाहित कामगाराचे अवलंबून असलेले आईबाप हयात असतील तर तेच त्याचे कुटुंब, बरोबर राहणारा जोडीदार परका. कारखान्यात अपघाताने मृत्यू आला तर कामगार भरपाईच्या कायद्यात अवलंबितांची ठरीव यादी आहे, आणि जोडीदार तिच्यात नाही. तोच माणूस एक्स्प्रेसवेवर खालापूरच्या टोलनाक्याजवळ गाडीखाली सापडला तर मोटार वाहन कायद्यात ‘कायदेशीर प्रतिनिधी’ या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी बराच सैल लावला आहे, तिथे निदान दावा लावून बघता येईल. माणूस तोच, मरण तेवढेच, आणि जोडीदाराला काय मिळणार हे ठरणार तो कारखान्यात मेला की रस्त्यावर, त्यावरून. मग तलाठ्याकडे वारसाची नोंद, गाव नमुना सहा-क. तिथे भाऊ येईल, पुतण्या येईल. मृत्युपत्र करता येते हे खरे, पण मृत्युपत्राला आव्हान देणारे पुतणेही असतात. आयकर कायद्यात नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या भेटीवर कर नाही, परक्याने दिलेली भेट वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेली की कर लागतो. या भेदाविरुद्ध एका समलिंगी जोडप्याची याचिका २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि न्यायालयाने नोटीस काढली. ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४ मध्ये एका रेशनकार्डावर नावे घ्यायला, संयुक्त बँक खाते काढायला आणि नातेवाईक नसताना जोडीदाराला मृतदेह ताब्यात द्यायला हरकत नाही, अशी पत्रके निघाली. पत्रके चांगली आहेत, पण त्यांच्याकडे नीट पाहा. रेशन मिळते, खाते निघते, प्रेत मिळते. मधला संसार अजून नोंदवहीबाहेर.

विरोधात जे म्हटले जाते त्यातले काही मुद्दे पोकळ आहेत, काही भरीव. पोकळ आधी. ही शहरी उच्चभ्रूंची टूम आहे, असे केंद्र सरकारने न्यायालयात मांडले. पीएफच्या नॉमिनेशनची आणि सहा-क नोंदीची काळजी उच्चभ्रूंना कमी असते. त्यांच्याकडे वकील असतात, ट्रस्ट असतात, परदेशात जाऊन लग्न करण्याइतके पैसे असतात. कायद्याची गरज त्यालाच जास्त, ज्याच्याकडे कायद्याशिवाय दुसरे काही नाही. दुसरा पोकळ मुद्दा अपत्याचा. साठीनंतर लग्न करणाऱ्या जोडप्याला कोणता विवाह अधिकारी मुलांचा विचार काय म्हणून विचारतो? दत्तकाचे म्हणाल तर एकट्या माणसाला आजही दत्तक घेता येते. त्यामुळे मूल समलिंगी माणसाच्या घरी वाढणे बेकायदा नाहीच. फक्त त्याला वाढवणाऱ्या दुसऱ्या पालकाचा त्याच्याशी कायद्याने काही संबंध नाही. नुकसान त्या मुलाचे. तिसरा मुद्दा, ‘उद्या भाऊ-बहीण येतील, चार बायकांवाला येईल’. इजेची कसोटी नेमकी यासाठीच आहे. चार बायकांच्या घरात पहिलीवर अन्याय होतो, एका घरात वाढलेल्या भावंडांत दाबदडपणाची भीती असते. तिथे बंधन राहील, कारण तिथे माणूस दाखवता येते.

संस्कृतीचा मुद्दा मी पोकळ म्हणणार नाही, पण त्याची वाट चुकलेली आहे. आपल्या रूढीत समलिंगी विवाह होताच, हे लेण्यांतून आणि पुराणांतून शोधून काढण्याचा खटाटोप काही जण करतात. मी करणार नाही. इथल्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि लग्न लावते, पुरोहिताच्या जागी बाई बसते. त्यावरून लग्नाची एकच शास्त्रशुद्ध रीत कधीच नव्हती एवढे सिद्ध होते, दोन पुरुषांचे लग्न होते हे सिद्ध होत नाही. रूढीत नसलेली गोष्ट रूढीत दाखवायला गेलो तर आपण नकळत हेच कबूल करतो की रूढीत नसेल तर हक्क नाही. विधवेसाठी आणि सगोत्रासाठी आपण तसे म्हटले नव्हते.

भरीव आक्षेप न्या. भट यांच्या निकालात आहे. विशेष विवाह कायद्यातले ‘पती’ आणि ‘पत्नी’ हे शब्द काढून ‘जोडीदार’ घातला तर बायकोला मिळालेली खास संरक्षणे, घटस्फोटाची तिची स्वतंत्र कारणे, पोटगीचा हक्क, यांचे काय होईल? शब्द सपाट केला की दुबळ्या बाजूचे कुंपण निघते. हे खरे आहे, आणि न्यायालयाने एका फटक्यात हे काम करू नये याशी मी सहमत आहे. कलम जपून लिहावे लागेल: स्त्री-पुरुष विवाहात आजची संरक्षणे तशीच, समलिंगी विवाहात परस्पर पोटगीची वेगळी तरतूद. १ एप्रिल २०२२ रोजी सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडले होते, त्यात वयाची अट दोन पुरुषांना एकवीस आणि दोन स्त्रियांना अठरा अशी घातली होती. म्हणजे लिहायला बसले की लिहिता येते. पण ‘अवघड आहे’ हे कारण सांगून काम पुढे ढकलायचे आणि ‘संसदेने करावे’ म्हणून न्यायालयाने मागे सरायचे, असे दोन्हीकडून झाले की माणसे मध्ये राहतात.

आणि इजेची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरती करू. या बंधनामुळे इजा होणारे माणूस खरोखर आहे, फक्त ते शोधायला चुकीच्या बाजूला पाहिले जाते. मुलगा लग्नाला तयार नाही म्हणून घाईने मुलगी बघितली जाते, साखरपुडा होतो, हुंड्याचे नाव न घेता देणे-घेणे होते, आणि ज्याला बायकांची ओढच नाही अशा माणसाच्या घरात एक परकी मुलगी आयुष्यभरासाठी येते. तिला कोणी विचारलेले नसते, सांगितलेलेही नसते. मूल का होत नाही याचा जाब मात्र तिलाच द्यावा लागतो. पुढे घटस्फोटाच्या अर्जात ‘फसवणूक’ असा शब्द लिहिला जातो. ती फसवणूक तिच्या नवऱ्याइतकीच त्या कायद्याची आणि त्या बैठकीतल्या मंडळींची असते, ज्यांनी त्याच्यापुढे दुसरी वाट ठेवली नाही.

परवानगीचे खाते किती सोयीने उघडते-मिटते, याचा ताजा दाखला आपल्याच राज्याचा आहे. महाराष्ट्र सरकार आंतरजातीय विवाहाला पन्नास हजार रुपये प्रोत्साहन देते. त्याच सरकारने १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समिती नेमली. गदारोळ झाला तेव्हा दोन दिवसांत आंतरजातीय शब्द वगळला, आंतरधर्मीय ठेवला. इजा कोणाला, हा प्रश्न आधीही विचारला गेला नाही आणि नंतरही नाही. आरडाओरडा कोण करेल एवढाच विचार झाला.

विवाह आणि वारसा हे विषय घटनेच्या समवर्ती यादीत पाचव्या क्रमांकावर आहेत, म्हणजे राज्यालाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत वाटला तर राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये केला, तमिळनाडूने १९६७ मध्ये भटजीविना स्वाभिमान विवाहाला हिंदू विवाह कायद्यात कलम घालून मान्यता दिली. एकदम विवाह नको वाटत असेल तर निदान सहजीवनाची नोंद, वारस, नॉमिनेशन आणि भरपाईपुरती, महाराष्ट्राला उद्या करता येईल. याच तालुक्यांत सावकारांविरुद्ध कुळांची बाजू घेणारे भाई कोतवाल वकील होते, हेही जाता जाता आठवू द्या. कायदा कोणासाठी शिकायचा हे त्यांना माहीत होते.

२०२३ च्या सुनावणीच्या काळात केंद्राने सर्व राज्यांना पत्र पाठवून मत विचारले होते. सात राज्यांनी उत्तर दिले. तिघांनी विरोध केला. महाराष्ट्राने विचार करायला आणखी वेळ हवा म्हणून कळवले. तुमच्या मतदारसंघाचे आमदार पुढच्या वेळी इथल्या एखाद्या लग्नाच्या मांडवात अक्षता टाकायला येतील, तेव्हा त्यांना बाजूला घेऊन एवढेच विचारा की तो मागितलेला वेळ कधी संपतो.